जुने स्टिरिओ स्पीकर: ठेवायचे, दुरुस्त करायचे की बदलायचे?

घरात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची स्पीकरची जोडी आहे. वडिलांची असेल, कुणी ओळखीच्याने दिली असेल किंवा जुन्या सामानात हौसेने घेतली असेल. आवाज येतो, पण मंद वाटतो. बास सैल आहे, गाण्यातले शब्द नीट उमटत नाहीत. मग कुणी म्हणतं, आतले कॅपॅसिटर (ठराविक सूरच पुढे जाऊ देणारे विजेचे छोटे भाग) बदल. दुसरा म्हणतो, ट्वीटर (बारीक, वरचे सूर देणारे छोटे स्पीकर) नवे टाक. तिसरा म्हणतो, हा पसारा काढून टाक आणि नवे घे.

तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते: समोर जो आवाज येतोय तो त्या स्पीकरचाच आवाज आहे. बहुतेक वेळा तो तसा नसतो. कडेचा फोम कुजलेला, कॅपॅसिटर सुकलेले, मागच्या नॉबवर गंज चढलेला, अशा अवस्थेत तुम्ही ऐकत असता तो त्याच्या आजारपणाचा आवाज. टायरमधली हवा गेलेली असताना सायकल जड चालते म्हणून ती मोडीत काढावी, तसं होतं मग. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ओळख, मग तपासणी, मग किमान दुरुस्ती आणि त्यानंतरच तुलना. निर्णय शेवटी.

१. तुमच्याकडे नेमकं काय आहे?

मागचं लेबल वाचा. मॉडेल, इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध: ४, ८, क्वचित १५ किंवा १६ ओहम) आणि सिरियल नंबर टिपून घ्या. दोन्ही डब्यांचे नंबर एकमेकांच्या जवळचे असतील तर जोडी मूळची असण्याची शक्यता जास्त.

मग डब्याचा प्रकार पाहा. समोर किंवा मागे भोक, नळी नसेल तर तो बंद डबा. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च या कंपनीतून एआर-१ बाजारात आणला. त्यात बंद डब्यातली हवाच वूफरची, म्हणजे खालचे सूर देणाऱ्या मोठ्या स्पीकरची, स्प्रिंग म्हणून वापरली होती. त्यामुळे मध्यम आकाराच्या डब्यातून खोल बास मिळू लागला. भोक असलेल्या डब्याचं गणित मात्र नीट बसायला वेळ लागला. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांचा त्यावरचा लेख १९६१ चा. तो १९७१ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापून आला आणि रिचर्ड स्मॉल यांनी त्याच सुमारास ते काम पुढे नेलं. तोवर भोकाचा आकार, नळीची लांबी हे बरंचसं अंदाजाने आणि अनुभवाने ठरत असे. म्हणून साठच्या दशकातले बंद डबे आजही बऱ्याचदा नेमका बास देतात आणि त्याच काळातले भोकाचे डबे एखाद्याच सुरावर घुमतात. हा नियम नव्हे, पण कान कुठे द्यायचा ते यावरून कळतं.

आता थोडं कठोर बोलतो. त्या काळात रेकॉर्ड प्लेयर, टेप, अॅम्प्लिफायर अशा पूर्ण संचासोबत जे स्पीकर यायचे, त्यातले बरेच पातळ भुशाच्या फळीचे, लाकडासारखा कागद चिकटवलेले असत. आत एक कागदी वूफर, एक कागदी ट्वीटर आणि मध्ये एकच कॅपॅसिटर. दिसायला मोठे, समोर कोरीव जाळी, कधी पाच-सहा ड्रायव्हर, म्हणजे डब्यात बसवलेले सुटे स्पीकर. ड्रायव्हर किती यावरून दर्जा ठरत नाही. अशा जोडीशी तुमचा जीव जडला असेल तर जरूर वाजवा, पण त्यात पैसे घालून मोठा फरक पडेल ही आशा ठेवू नका.

क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटून देणारं आतलं सर्किट, साधा आहे एवढ्यावरून मात्र निकाल देऊ नका. १९७० च्या जेबीएल एल१०० मध्ये वूफरला फिल्टरच नाही. तो वरच्या पट्ट्यात आपोआप उतरावा असा मुद्दामच बनवलेला आहे. एआर-३ए, एलएस३/५ए, यामाहा एनएस-१०००एम, क्वाडचे इलेक्ट्रोस्टॅटिक, क्लिप्शचे हॉर्न अशी नावं लेबलवर दिसली, तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि आधी त्या मॉडेलची मूळ सर्व्हिस माहिती शोधून वाचा.

२. वीज न लावता तपासणी

पुढची जाळी काढा. ती खिट्ट्यांवर, वेल्क्रोवर किंवा स्क्रूवर असते. ओढताना दोन्ही बाजूंनी थोडी थोडी सैल करा.

सर्वात आधी वूफरच्या कोनाभोवतीची, म्हणजे शंकूसारख्या हलणाऱ्या पडद्याभोवतीची, गोल कड पाहा. सराउंड म्हणतात ती. ती तीनपैकी एका पदार्थाची असते. फोमची असेल तर पंधरा ते पंचवीस वर्षांत हवेतल्या ओलाव्याने ती आतून तुटत जाते. वापर केला काय, न केला काय. बोटाने हलकेच दाबा. चिकट लागली, भुगा झाला किंवा खड्डा तसाच राहिला, तर ती संपली. रबराची कड बरीच टिकते, फार तर कडक होते. कापडाची, वरून चिकट लेप दिलेली कड तर बहुधा तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त टिकेल. तिला हात लावू नका, लेप पुसू तर मुळीच नका.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. एल१०० ची पुढची जाळी फोमची होती आणि ती हमखास भुगा होते. ते पाहून लोक वूफरही गेला असं समजतात. पण त्याच्या वूफरची कड फोमची नाही. जाळी नवी मिळते, वूफर तसाच ठेवता येतो.

फोम फाटला असेल तर त्या क्षणापासून वाजवणं बंद. कड नसली की कोनाला जोडलेली तारेची कॉइल मध्यावर राहत नाही, चुंबकाच्या फटीत घासते आणि सहज होणारी दुरुस्ती अवघड होऊन बसते. ‘थोडं हळू वाजवतो’ असं म्हणूनही नको.

कड शाबूत असेल तर मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून कोन अगदी सरळ आत दाबा आणि सोडा. खरखर ऐकू आली किंवा हाताला जाणवली तर कॉइल घासतेय. बंद डब्यात आणखी एक गोष्ट कळते: कोन सावकाश बाहेर आला तर डबा हवाबंद आहे. झटकन उसळला तर कुठून तरी हवा गळतेय, म्हणजे वूफरखालची गॅस्केट, मागची टर्मिनल प्लेट किंवा उघडलेला सांधा. ट्वीटरच्या घुमटाला मात्र दाबून पाहायचं नसतं. तिथे फक्त डोळ्यांनी पाहा. वूफरची टोपी चेपलेली असेल तर ते बहुतांशी दिसण्यापुरतं. ट्वीटरचा घुमट चेपला असेल तर आवाजात फरक पडतो.

डब्याच्या तळाच्या कडा तपासा. भुशाची फळी एकदा ओलाव्याने फुगली की पूर्ववत होत नाही.

मग मल्टीमीटर. स्पीकरच्या वायरी अॅम्पपासून सोडवून टर्मिनलवर ओहम मोजा. ८ ओहमच्या स्पीकरवर साडेपाच ते सातच्या दरम्यान आकडा दिसायला हवा, ४ ओहमवर तीन-साडेतीनच्या आसपास. डीसी रेझिस्टन्स छापील आकड्यापेक्षा कमीच असतो, त्यात दोष नाही. दोन्ही डब्यांचे आकडे जवळपास सारखे हवेत. शून्याजवळ आकडा आला तर तो स्पीकर अॅम्पला जोडू नका. आकडाच आला नाही तर कॉइल तुटलीय किंवा आतली वायर सुटलीय. एक ध्यानात ठेवा: ट्वीटर कॅपॅसिटरच्या मागे असतो, त्यामुळे बाहेरून मोजताना मीटरला तो दिसतच नाही. ट्वीटर तपासायचा तर तो काढून त्याची एक वायर सोडवावी लागते.

दीड व्होल्टचा साधा सेल टर्मिनलला क्षणभर टेकवूनही बरंच कळतं. धन टोक लाल टर्मिनलला लावलं की वूफर बाहेर येतो. दोन्ही डब्यांत एकाच दिशेला आला पाहिजे. एक बाहेर आणि दुसरा आत जात असेल तर कुणीतरी पूर्वी आत हात घातलाय आणि वायरी उलट्या लावल्यात. तुमचा सैल बास तिथेच सापडला. जुन्या जेबीएलचे ड्रायव्हर मात्र लाल टर्मिनलला धन लावल्यावर आत जातात. त्यांचा संकेतच तसा होता, त्यामुळे दोन्ही वूफर आत गेले तर घाबरू नका. ट्वीटरवर थेट सेल लावू नका.

३. आता वाजवून पाहा, पण गाणं नंतर

तक्रार स्पीकरचीच आहे ना, हे आधी ठरवा. डाव्या-उजव्या वायरी अॅम्पच्या मागे अदलाबदल करा. बिघाड स्पीकरसोबत त्याच बाजूला राहिला तर दोष स्पीकरचा. बिघाड दुसऱ्या बाजूला गेला तर स्पीकर निर्दोष आहे, अॅम्प किंवा त्याच्या आधीचं काही तरी पाहा. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते न केल्यामुळे चांगले स्पीकर उगाच उघडले जातात.

मागे किंवा पुढे ‘मिड’, ‘हाय’ असे नॉब असतील तर अॅम्प बंद ठेवून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत बरेचदा फिरवा. आतल्या पट्टीवर गंज चढतो आणि ट्वीटर अर्धवट किंवा पूर्ण मुका होतो. एआरच्या जुन्या स्पीकरांची ही जगजाहीर खोड आहे. ‘ट्वीटर गेलाय’ म्हणून आलेले कितीतरी स्पीकर नॉब फिरवल्यावर बोलू लागतात. थोडा काळ बरं चाललं आणि पुन्हा बिघडलं तर नॉब उघडून साफ करावा लागतो किंवा बदलावा लागतो.

यानंतर मोनो. अॅम्पवर मोनो बटण असेल तर ते दाबा, नसेल तर दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली फाइल लावा. पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखी सलग ‘सस्स’, सगळ्यात उपयोगी. बॅलन्सचा नॉब डावीकडे-उजवीकडे फिरवत ऐका. दोन्ही डबे एकाच जागी, शेजारी-शेजारी ठेवा, नाहीतर खोलीचा फरक स्पीकरच्या माथी मारला जाईल. एक चकचकीत आणि दुसरा कांबळं पांघरल्यासारखा वाटला तर त्या दुसऱ्याचा ट्वीटर, त्याचा कॅपॅसिटर किंवा नॉब यांपैकी काहीतरी ढिलं आहे. दोन्ही सारखेच मंद असतील तर तुलनेला काही उरत नाही. तेव्हा वय लक्षात घेऊन कॅपॅसिटरवर संशय धरा.

मग फोनवरच्या किंवा संगणकावरच्या टोन जनरेटरने २० हर्ट्झपासून वर हळूहळू सरकत जा. आवाज लहान ठेवा. वरच्या पट्टीतला सलग शुद्ध स्वर ट्वीटरला फार तापवतो. खाली कुठे फडफड, कुठे खडखड होते ते टिपा. वर गेल्यावर कागदाची नळी करून ट्वीटरसमोर धरून ऐका. चौदा-पंधरा हजार हर्ट्झच्या पुढे काही ऐकू आलं नाही तर दोष स्पीकरचाच असेल असं नाही. वयाबरोबर कान तिथे आधी थकतात. घरातल्या एखाद्या लहान मुलाला शेजारी बसवा, ते खरं सांगेल.

४. जागा

यावर थोडक्यात, पण हे टाळू नका. स्पीकर जमिनीवर आणि कोपऱ्यात असतील तर बास फुगतो आणि बाकी सगळं त्याखाली दबतं. ट्वीटर कानाच्या उंचीला आणा, भिंतीपासून थोडं पुढे घ्या, दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण करा. खोलीचं स्वतःचं घुमणंही असतं. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास लांबीच्या दिशेने लाट उभी राहते आणि खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर तो सूर कानठळ्या बसवतो. नवे स्पीकर आणूनही तो तसाच राहील. हे सगळं करून एक-दोन आठवडे ऐका. काहींचा प्रश्न इथेच मिटतो.

५. किमान दुरुस्ती

आता हत्यारं. हेतू एकच: स्पीकर कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता, त्याच्या शक्य तितकं जवळ जायचं. त्याहून चांगला करायचा विचार इथे मनात आणू नका.

फोम बदलणं नवख्याला जमण्यासारखं आहे. नवी रिंग घेताना ‘बारा इंची’ एवढं म्हणून चालत नाही. कोनाचा व्यास, जुनी कड बाहेरून जिथे चिकटली होती तो व्यास आणि मधल्या गोलाईची रुंदी, अशी तिन्ही मापं घ्या. जुना फोम आणि गोंद पूर्ण निघेपर्यंत खरवडा, घाई केली की इथेच कोन फाटतो. आधी रिंग कोनाला चिकटवा आणि सुकू द्या. मग बाहेरची कड चिकटवताना कॉइल मध्यावर आहे ना ते पाहायला हवं. याच्या दोन पद्धती आहेत. टोपी कापून कॉइलभोवती पातळ पट्ट्या खोचायच्या, किंवा टोपी तशीच ठेवून ३० हर्ट्झचा हलका स्वर लावायचा आणि घासल्याचा आवाज येणार नाही अशा जागी कड बसवायची. पहिली जास्त खात्रीची. गोंद सुकायला पूर्ण दिवस द्या.

कॅपॅसिटरचा विषय मोठा आहे आणि त्यावर वादही भरपूर. जुन्या क्रॉसओव्हरमध्ये दोन जातींचे कॅपॅसिटर सापडतात. नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) आतून सुकतात. त्यांची क्षमता सरकते आणि अंगभूत रेझिस्टन्स वाढतो, मग ट्वीटरपर्यंत कमी आवाज पोहोचतो. फिल्म जातीचे (प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचे) कॅपॅसिटर मात्र दशकानुदशकं तसेच राहतात. म्हणजे आधी कोणते आहेत ते पाहा आणि सोडवून मोजा. अंगावर ४.७ मायक्रोफॅरड लिहिलेला ६ दाखवत असेल तर बदला. ठीक असेल तर का काढायचा?

बदलताना आकडा तोच ठेवा. आणि एक बारकावा, जो विक्रेते सहसा सांगत नाहीत: नव्या फिल्म कॅपॅसिटरचा रेझिस्टन्स जवळपास शून्य असतो, मूळ इलेक्ट्रोलिटिकचा नवा असतानाही तितका कमी नव्हता. डिझायनरने तो हिशोबात धरलेला असतो. त्यामुळे सरळ फिल्म टाकला की ट्वीटर मुळापेक्षा थोडा तिखट होऊ शकतो. मालिकेत अर्ध्या ओहमच्या आतबाहेरचा एक रेझिस्टर घालून ते सावरतात, किंवा नवे इलेक्ट्रोलिटिकच वापरतात. महागड्या, अंगठ्याएवढ्या जाड कॅपॅसिटरनी आवाजात जादू होते यावर माझा विश्वास नाही. आकडा बरोबर, व्होल्टेज पुरेसं आणि सोल्डर नीट, एवढं मला पुरतं.

आणखी एक युक्ती आहे, ती जरूर करा. आधी एकाच स्पीकरचे कॅपॅसिटर बदला. मग मोनोमध्ये बदललेला आणि न बदललेला शेजारी ठेवून ऐका. काय बदललं हे आठवणीवर सोडायची गरज उरत नाही. पटलं तर दुसराही तसाच करा, कारण जोडी वेगवेगळी ठेवून चालत नाही. उघडण्याआधी प्रत्येक वायरीचा फोटो काढा, हे वेगळं सांगायला नको.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही ट्वीटरमध्ये कॉइल थंड ठेवायला चुंबकीय द्रव, फेरोफ्लुइड, घालू लागले. तो कालांतराने घट्ट होतो आणि ट्वीटर गुदमरतो. तो साफ करून नवा घालता येतो, पण ट्वीटर उघडण्याजोगा असला तरच.

दोन ठिकाणी स्वतः हात घालू नका. यामाहा एनएस-१०००एमचे घुमट बेरिलियमचे आहेत. घुमट फुटला असेल तर तुकडे हाताळू नका, व्हॅक्यूमही लावू नका, कारण बेरिलियमची धूळ फुफ्फुसाला घातक असते. आणि क्वाड ईएसएलसारख्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरच्या आत हजारो व्होल्ट असतात, जे प्लग काढल्यावरही काही काळ टिकून राहतात. ते काम जाणकाराचंच.

६. आतले भाग ‘चांगले’ टाकायचे का?

माझं उत्तर जवळपास नेहमी नाही असंच असतं. वूफर, डब्याचं आकारमान आणि क्रॉसओव्हर हे एकमेकांसाठी मोजूनमापून बनवलेले असतात. वूफर बदलला तर त्या आकारमानात तो बसेलच असं नाही. ट्वीटर बदलला तर त्याचा इम्पिडन्स वेगळा पडतो, क्रॉसओव्हर वेगळ्याच ठिकाणी तोडतो, आवाजाची पातळी जुळत नाही. सुटा भाग कितीही उत्तम असला तरी एकत्र वाजताना गडबड होते. मापन करणारा मायक्रोफोन आणि ते वाचायची सवय असेल तर गोष्ट वेगळी. पण मग तुम्ही जुन्या डब्यात नवा स्पीकर बनवताय, आणि ते जुनं नाव त्यावर राहू नये.

ट्वीटर जळलाच असेल आणि मूळचा कुठेच मिळत नसेल तेव्हा पर्याय नसतो. अशा वेळी इम्पिडन्स, संवेदनशीलता (तेवढ्याच ताकदीत किती मोठा वाजतो ते), रेझोनन्स (ज्या सुरावर तो स्वतःच घुमतो तो) आणि बसण्याचं माप हे चारही पाहून निवडा आणि दोन्ही बाजूंचे बदला.

डब्यातलं भरण काढू नका, वाढवूही नका. एआरच्या डब्यांत काचतंतू वजन करून भरलेले असत, तो डिझाइनचाच भाग. हाताळताना हातमोजे आणि मास्क हवाच. टर्मिनल गंजले असतील तर बिनधास्त बदला. आतली वायर तुटली नसेल तर तिला सोडून द्या. आणि बोस ९०१ सारख्या स्पीकरसोबत वेगळा इक्वलायझर यायचा. तो नसेल तर हातात अर्धीच यंत्रणा आहे. आधी तो शोधा, नाहीतर त्या जोडीबद्दल मत बनवू नका.

अल्निको (कोबाल्ट असलेला मिश्रधातू) मॅग्नेट असला की स्पीकर श्रेष्ठ, असंही ऐकायला मिळतं. १९७८ मध्ये झाईरमधल्या (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या) संघर्षामुळे कोबाल्ट दुर्मिळ आणि महाग झालं, तेव्हा अनेक उत्पादक कोबाल्ट न लागणाऱ्या फेराइट मॅग्नेटकडे वळले. ते वळणं मुख्यतः पुरवठ्यामुळे होतं. फेराइट असलेले उत्तम स्पीकर भरपूर आहेत.

७. नव्याशी तुलना

आता तुमचे स्पीकर तब्येतीने बरे आहेत. आता खरी तुलना होऊ शकते.

नव्यांच्या बाजूने काय आहे? ऐंशीच्या दशकात कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांकडून गुण घेतले आणि ते मापनांशी ताडून पाहिले. समोरचा आवाज सपाट आणि बाजूला पसरणारा आवाजही गुळगुळीत उतरणारा असेल तर बहुतेकांना तो आवडतो, हे त्यातून पुढे आलं. जुन्या डिझायनरांकडे बाजूचा आवाज इतक्या तपशिलात मोजायची सोय नव्हती. म्हणून चांगला नवा स्पीकर खुर्चीतून थोडं सरकलं तरी तसाच वाटतो, गायकाची जागा नेमकी दाखवतो आणि बोलणं स्वच्छ देतो.

आणि जुन्यांच्या बाजूने? आकार. बारा इंची वूफरच्या कोनाचं क्षेत्रफळ साडेसहा इंचीच्या सुमारे चौपट असतं. तेवढाच बास द्यायचा तर लहान कोनाला चौपट पुढे-मागे धावावं लागतं. केएलएच या कंपनीच्या नावातल्या ‘एच’चे, म्हणजे अँटन हॉफमन यांचे, एक सूत्र या धंद्यात प्रसिद्ध आहे: लहान डबा, खोल बास आणि जास्त संवेदनशीलता या तिन्हींपैकी दोनच मिळतात. आजच्या बारीक उभ्या स्पीकरांनी बहुधा संवेदनशीलता सोडलेली असते. याचा थेट संबंध तुमच्या अॅम्पशी आहे. ९२ डेसिबलच्या जुन्या स्पीकरवर जो कमी वॅटचा अॅम्प आरामात चालत होता, त्याला ८३ डेसिबलच्या स्पीकरवर तितक्याच मोठ्या आवाजासाठी आठपट ताकद लागेल. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट, असा हिशोब आहे. ताकद पुरली नाही की अॅम्प क्लिप होतो, म्हणजे आवाजाच्या लाटेची टोकं कापतो, आणि ट्वीटर जळतो. म्हणजे स्पीकर बदलायला निघालात आणि अॅम्पही बदलावा लागला, असं होऊ शकतं. उलटही खरं आहे: सगळेच जुने स्पीकर सोपे नसतात. एआर-३ए ४ ओहमचा आहे, एलएस३/५ए ची संवेदनशीलता ८२-८३ डेसिबलच आहे.

तुलना शक्यतो तुमच्याच खोलीत करा. आवाजाची पातळी जुळवा. पिंक नॉइज लावून फोनच्या साउंड मीटरवर दोन्ही जोड्या एकाच आकड्याला आणा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, हे मन मानत नसलं तरी. जमलं तर कुणाला तरी वायरी बदलायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून बसा. टूल यांच्याच कामातून हेही दिसलं की स्पीकर दिसत असताना दिलेले गुण आणि न दिसता दिलेले गुण वेगळे निघतात. अनेक वर्षं ऐकलेली ध्वनिमुद्रणं निवडा: एक एकट्या गळ्याचं, एक पियानोचं, एक जिथे खर्जात काही चाललंय असं. पाच मिनिटांत चमकदार ट्वीटर जिंकतो. अर्ध्या तासाने कान थकले का ते पाहा.

८. निर्णय

नावाजलेलं मॉडेल, ड्रायव्हर सगळे मूळचे आणि जिवंत, फक्त फोम किंवा कॅपॅसिटर गेलेले: दुरुस्त करा. नंतर नवे घ्यायचे ठरलं तरी ती दुरुस्ती वाया जात नाही, चालती जोडी कुणीही आनंदाने घेतं.

वूफरची कॉइल जळलेली किंवा मिडरेंज (मधले सूर देणारा ड्रायव्हर) गायब, सुटे भाग मिळत नाहीत आणि मॉडेल सामान्य: सोडून द्या. एकच बाजू खराब असेल तर तसलीच दुसरी जोडी सुट्या भागांसाठी शोधता येते. पण दोन वेगळ्या मॉडेलचे स्पीकर डावे-उजवे म्हणून लावू नका.

सगळं ठणठणीत आहे, मधला आवाज आवडतो, फक्त खालचा बास अपुरा: स्पीकर न बदलता सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) जोडा, विशेषतः एलएस३/५ए सारख्या लहान बंद डब्यांना. ८० हर्ट्झच्या आसपास विभागणी करून सुरुवात करा आणि सबवूफरचा आवाज तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा.

खोली लहान आहे, मोठे डबे भिंतीलाच टेकवावे लागतात, बहुतेक वेळ सिनेमा आणि बोलणं ऐकलं जातं: इथे मी नव्यांच्या बाजूने आहे. जुन्यांवर प्रेम असलं तरी.

दुरुस्ती केली असेल तर काढलेले मूळ भाग पाकिटात घालून त्यावर काय, कुठून आणि कधी काढलं ते लिहा आणि पाकीट डब्यासोबत ठेवा. नवे कॅपॅसिटर कोणत्या आकड्यांचे टाकले ती चिठ्ठी मागच्या फळीच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढे उघडणाऱ्याला, मग तो तुम्हीच का असेना, पुन्हा शोधाशोध नको. आणि नवे घेतले तरी जुने लगेच देऊन टाकू नका. महिनाभर दोन्ही जोड्या घरात ठेवा, आठवड्याने आलटून-पालटून वाजवा आणि मग कोणती बाहेर जाणार ते ठरवा.